थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार

नमस्कार श्रोतेहो.

आजचं बोलणं पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आणि न्यू जर्सीहून सुट्टीत इथल्या पोकोनोच्या डोंगरात येणाऱ्या आपल्या मराठी घरांसाठी आहे. थँक्सगिव्हिंगला घरी पाहुणे असतात, जेवणं जड झालेली असतात. शनिवारी कुणीतरी म्हणतं, चला, जरा रानात पाय मोकळे करून येऊ. 2019 पासून पेनसिल्व्हेनियात नेमक्या त्याच शनिवारी हरणांच्या शिकारीचा रायफलचा हंगाम सुरू होतो.

आम्हीही असेच निघालो होतो. बाबा नुकतेच साताऱ्याहून आलेले. अंगात तपकिरी स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि सर्दी झालेली म्हणून हातात पांढरा रुमाल. गाड्या लावायच्या जागी एक वयस्कर शिकारी थर्मासमधून कॉफी ओतत होता. बाबांना पाहताच कप तसाच ठेवून तो आमच्याकडे आला. म्हणाला, इथलं हरीण बिथरलं की शेपटी वर करतं आणि ती खालून पांढरीशुभ्र असते. तो रुमाल आधी खिशात ठेवा. मग ट्रकमधली जादा नारिंगी बंडी काढून त्याने स्वतःच्या हाताने बाबांना चढवली.

माझ्या पोटात गोळाच आला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. रानात जाताना आपण सापकिरडाचा विचार करतो, बंदुकीचा मनातसुद्धा येत नाही. तीच सवय घेऊन आपण इथे येतो.

तेव्हा आधी नारिंगी. लग्नातल्या साडीचा केशरी चालणार नाही. रस्त्यावर काम करणारे घालतात तो झगझगीत रंग हवा. हरणाला तो मळकट दिसतो, माणसाला मात्र झाडीतूनही लांबून दिसतो. राज्याच्या गेम लँड्सवर, म्हणजे शिकारीसाठी आणि वन्यजीवांसाठी राखलेल्या सरकारी रानांत, 15 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर या काळात नुसतं फिरायला आलेल्यांनाही तो बंधनकारक आहे. ॲपलाचियन ट्रेल या लांब पायवाटेचा इथला बराचसा भाग या जमिनींतूनच जातो. कुत्रा बरोबर असेल तर त्यालाही नारिंगी पट्टा बांधा आणि त्याला मोकळा सोडू नका.

हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतात, शिकारीही तेव्हाच दबा धरून बसतात. म्हणून फिरायला भर दुपार बरी. पूर्वी आपली माणसं रविवार निर्धास्त मानायची. पेनसिल्व्हेनियाने रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी 2025 मध्ये उठवली, त्यामुळे आता वार पाहून निघू नका, हंगामाचं वेळापत्रक पाहून निघा.

शिकारीचा तिटकारा असणारे आपल्यात पुष्कळ आहेत. माझं घर माळकरी, मीही त्यातलाच. पण गेम लँड्सची ही पंधरा लाख एकर रानं मुख्यतः शिकाऱ्यांच्या परवान्यांच्या पैशांतून राखली गेली. 1937 च्या कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरचा करही देशभर वन्यजीवांसाठीच जातो. ज्या पायवाटेवर आपण फुकट चालतो, तिचे पैसे त्यांनी भरलेत, हे मला फार उशिरा कळलं.

झाडावर मचाण दिसलं तर खाली थांबू नका. हात दाखवा, हळू आवाजात 'हॅलो' म्हणा आणि पुढे चला. मुद्दाम आरडाओरडा करून हरणं पळवणं गुन्हा आहे. एरवी आपसांत नेहमीच्या आवाजात बोलत चालावं, म्हणजे माणसं येताहेत हे शिकाऱ्यालाही कळतं.

ती बंडी परत द्यायला आम्ही दुपारी गेलो, तेव्हा ट्रक निघून गेला होता. आता ती आमच्या दाराजवळच्या खुंटीवर असते. या शनिवारी पाहुण्यांना घेऊन निघणार असाल, तर आजच प्रत्येकासाठी एकेक घेऊन ठेवा.