पुरावा दाखवा! : डायनासोरची मालिका आणि तिचे वाचक

नमस्कार मंडळी. समोर क्रमशः लिहिणारे बरेच दिसताहेत, आणि 'पुढचा भाग कधी?' असं विचारून त्यांना छळणारे त्याहून जास्त. त्यामुळे आज लेखकाबद्दल कमी आणि वाचकाबद्दल जास्त बोलतो.

सामाजिक कादंबरी भागाभागाने येते तेव्हा वाचक माणसांत गुंततो. हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मध्ये येऊ लागलं, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न होता तो यमूचं पुढे काय होणार हा. पण कथेत डायनासोर शिरला की वाचकाचा स्वभावच बदलतो. नायक वाचेल की नाही याची त्याला तितकी पर्वा नसते. तो विचारतो, हा प्राणी आजवर जगला कसा? खातो काय? एवढं धूड त्या पठारावर मावतं कसं? आणि तुम्हाला हे कुणी सांगितलं? थोडक्यात, तो पुरावा मागतो. माझं म्हणणं असं की हा पुरावा मागणारा वाचक मालिकेला नडत नाही, तोच तिला पुढे ढकलतो. आणि हे फार लवकर ओळखलेला लेखक म्हणजे आर्थर कॉनन डॉयल.

'द लॉस्ट वर्ल्ड' ही त्याची कथा लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात १९१२ च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत आली. दक्षिण अमेरिकेतलं एक उभ्या कड्यांचं पठार, त्यावर अजून जिवंत असलेले डायनासोर, आणि तिथे जाऊन पोचलेले चौघे. वाचकाची ताकद काय असते हे डॉयलला कुणी शिकवायची गरज नव्हती. १८९३ च्या डिसेंबरमध्ये त्याने ह्याच मासिकात शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं होतं आणि मग वर्षानुवर्षं लोकांचा राग सोसला होता. लंडनकरांनी म्हणे दंडाला काळ्या फिती बांधल्या. मला ती गोष्ट नंतर रचलेली वाटते, पण राग खरा होता.

आता कथेची बांधणी बघा. सांगणारा मलोन हा वर्तमानपत्राचा बातमीदार. तो पठारावरून आपल्या संपादकाला पत्रं पाठवतो. पत्र लिहिताना त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं की उद्या आपण जिवंत असू की नाही. हे शेवटचंही ठरेल, असं तो लिहून टाकतो. म्हणजे अंक संपताना वाचकाला जेवढं कळलेलं असतं, तेवढंच सांगणाऱ्यालाही. मागे वळून सांगितलेल्या गोष्टीत हा ताण येत नाही. तिथे सांगणारा सुखरूप परतलाय हे आपण पहिल्या ओळीलाच धरून चालतो.

पण खरी गंमत पुढे आहे. डॉयलने संशयी वाचक कथेच्या आतच बसवून ठेवलाय. चौघांचा म्होरक्या प्रोफेसर चॅलेंजर पहिल्या सफरीहून परततो तेव्हा त्याच्याकडे काय असतं? बोट उलटल्यामुळे खराब झालेला फोटो, मेलेल्या एका चित्रकाराची वही, एक हाड, पंखाचा एक तुकडा. लोक हसतात. मलोनचा एक मित्र तर सरळ म्हणतो की धंदा येत असेल तर फोटोइतक्याच सहज हाडही बनावट करता येतं. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. मग भर सभेत चॅलेंजर वक्त्याला अडवतो, आरडाओरडा होतो, आणि त्यातूनच तपासणीसाठी माणसं निवडली जातात. म्हणजे अख्खी मोहीम निघते ती 'पुरावा दाखवा' ह्या मागणीतून. शेवटीही सभाच आहे. चौघे परत येतात, आणि एक डॉक्टर उठून विचारतो की हातचलाखीच्या ह्या जमान्यात फोटोला पुरावा कसं मानायचं? १९१२ सालचा प्रश्न आहे हा! चॅलेंजर काय करतो ते न वाचलेल्यांसाठी सांगत नाही. एवढंच सांगतो की तो पेटी उघडतो.

मालिका चालू असताना आलेली माझी सगळ्यात आवडती प्रतिक्रिया रे लँकेस्टर यांची. हे प्राणिशास्त्रज्ञ, ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागाचे माजी प्रमुख. नामशेष प्राण्यांवरचं त्यांचं १९०५ चं पुस्तक डॉयलने समोर ठेवून वापरलं होतं, आणि नुसतं वापरलं नाही, चॅलेंजरच्या हातात दिलं होतं. तो मलोनला त्यातलं स्टेगोसॉरसचं चित्र काढून दाखवतो. आता असा माणूस आपलंच नाव छापलेली कथा वाचतो तेव्हा काय करेल? चुका काढेल असं वाटतं ना? त्यांनी डॉयलला खुशीत पत्र लिहिलं. मोठ्या डायनासोरांना तुम्ही अक्कल दिली नाहीत हे योग्य केलंत, अशी शाबासकी दिली, आणि वर स्वतःच्या कल्पना सुचवल्या. साठ फुटी साप आणता येईल का? बैलाएवढा, सशासारखा प्राणी? दोन फुटी हत्तींचा कळप? शाकाहारी टेरोडॅक्टिलला, म्हणजे त्या काळच्या उडत्या सरीसृपाला, शिकवून चौघांना एकेक करून खाली उडवत आणलं तर? भागाखाली 'मी असतो तर पुढे असं केलं असतं' म्हणून लांबलचक लिहिणारा जो आपल्या ओळखीचा वाचक, तो हाच. फक्त ह्याच्या नावामागे 'सर' होतं.

डॉयलला मात्र वाचकाला याहून जास्त फसवायचं होतं. दाट दाढी, जाड भुवया लावून तो स्वतः चॅलेंजर झाला आणि मोहिमेतल्या मंडळींचा म्हणून फोटो काढून घेतला. त्याच वेषात मेहुण्याच्या, म्हणजे लेखक हॉर्नंगच्या घरी तो जर्मन डॉक्टर म्हणून जाऊन बसला. भांडं फुटल्यावर मेहुणा चांगलाच भडकला. 'स्ट्रँड'चे संपादक ग्रीनहाऊ स्मिथ यांना फोटोची धास्ती वाटली, कारण कथा वेगळी आणि वाचकाची फसवणूक वेगळी. मला संपादकाचं पटतं. तरी पुस्तकात तो फोटो गेलाच.

ही खोड त्याला सुटली नाही. १९२२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला जादूगारांच्या संस्थेचं जेवण होतं, प्रसिद्ध जादूगार हुदिनी हजर. रोज लोकांना फसवणारी ही मंडळी. डॉयलने काहीही खुलासा न करता तिथे डायनासोर चालताना, झुंजताना दाखवणारी फिल्म लावली. विलिस ओब्रायनने छोटे पुतळे किंचित किंचित हलवून एकेक चित्र घेत ती बनवली होती, ह्याच कथेवरच्या सिनेमासाठी. तो सिनेमा १९२५ मध्ये आला. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने लिहिलं की हे बनावट असेल तर अव्वल दर्जाचं आहे. मग डॉयलने हुदिनीला पत्र लिहून उलगडा केला.

आणि हाच माणूस १९२० मध्ये, त्याच 'स्ट्रँड'च्या नाताळ अंकात, इंग्लंडमधल्या कॉटिंग्ले गावच्या दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो खरे मानून लेख लिहितो! त्या मुलींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये, कबूल केलं की पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या. स्वतः खोटा फोटो काढलेला माणूस दुसऱ्याच्या खोट्या फोटोला कसा भुलला, यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मला वाटतं, कथेत त्याने एक संशयी मित्र शेजारी बसवला होता. पऱ्यांच्या वेळी त्याचं ऐकायला तो तयार नव्हता.

आता ते हाडाचं वाक्य. मालिका संपली नोव्हेंबरात आणि १८ डिसेंबर १९१२ ला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत पिल्टडाउन गावात सापडलेली म्हणून एक कवटी मांडली गेली, माकड आणि माणूस यांच्यामधला दुवा म्हणून. १९५३ मध्ये ती बनावट ठरली. पिल्टडाउन डॉयलच्या क्रोबरोच्या घरापासून जवळ. झालं! १९८३ मध्ये दोघांनी लेख लिहून डॉयललाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, आणि कथेतलं ते वाक्य सूचक मानलं जाऊ लागलं. आज बहुतेक अभ्यासकांचं बोट ती कवटी 'सापडवणाऱ्या' चार्ल्स डॉसनकडे आहे. पण वाचक कुठवर जाऊ शकतो बघा. सत्तर वर्षांनी तो जुना भाग उघडून लेखकाचा कबुलीजबाब शोधतो.

चुका काढणारेही आहेत, आणि त्यांना खाद्य भरपूर आहे. कथेतले इग्वानोडॉन जातीचे डायनासोर कांगारूसारखे दोन पायांवर. त्या काळी बेल्जियममधल्या बर्निसारच्या सांगाड्यांची जुळणी तशीच उभी केलेली होती. आज शास्त्रज्ञ त्यांना आडवं धरतात, बरेचदा चार पायांवर चालवतात. ह्याला लेखकाची चूक म्हणू नये. त्याने त्या वर्षीचं विज्ञान वापरलं. पण तुम्ही आज लिहाल तर तुम्हाला ती सूट नाही.

आणि लिहाच, पण अ‍ॅमेझॉनला जाऊ नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका शाकाहारी डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला. जैन आणि बंडोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळालं, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून. पुढचे पाय लांब, म्हणून खांदे उंच, पाठ मागे उतरती. असा नायक कुठे मिळणार? अडचण एकच. त्या सांगाड्याला डोकं नव्हतं. ते तुम्हाला कल्पनेने बसवावं लागेल. पहिल्या भागाखाली पहिला प्रश्न कुठला येणार हे मी आत्ताच सांगू शकतो, आणि विचारणारा बहुधा डोंगरगावजवळच्या वरोऱ्याचा असेल.