बाराखंबा रोड ते वहीचं कव्हर

[वहीला कव्हर घालणारे हात. कागद जाड, गुळगुळीत. त्यावर गव्हाच्या शेताचा रंगीत फोटो.]

जून महिना. नव्या वह्या, नवी पुस्तकं आणि कव्हरं घालायला बसलेलं अख्खं घर. खाकी कागद विकत आणावा लागायचा. पण ज्यांच्याकडे 'सोव्हिएत देश' नावाचं पाक्षिक यायचं, त्यांचा प्रश्न सुटलेला असे. सहजासहजी न फाटणारं चकचकीत पान. मग गणिताच्या वहीवर बॅले नर्तकी, भूगोलाच्या वहीवर युरी गागारिन. वर्षभर दप्तरात घासूनही तो तसाच हसत असायचा.

तो कागद एका परक्या देशाच्या दूतावासाने पाठवलेला होता, हे त्या मुलांच्या गावीही नसे.

[दिल्लीची जुनी छायाचित्रं. टपालाचे गठ्ठे.]

२५, बाराखंबा रोड, नवी दिल्ली. सोव्हिएत दूतावासाच्या माहिती विभागाचा हा पत्ता. इथून 'सोव्हिएत लँड' हे पाक्षिक निघायचं, इंग्रजीत आणि आपल्याकडच्या अनेक भाषांत. मराठीतलं ते 'सोव्हिएत देश'.

दूतावासाचं सांस्कृतिक काम म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेकांना चित्रपट महोत्सव आठवतो, एखादं प्रदर्शन, पाहुण्या कलावंतांचा कार्यक्रम, शिष्यवृत्त्या. हे सगळं सोव्हिएत संघानंही केलं. १९८७ साली तर दोन्ही देशांनी एकमेकांकडे मोठे महोत्सव भरवले. पण महोत्सवाला मोठं शहर लागतं आणि बहुधा निमंत्रणपत्रिकाही. पोस्टमनला यातलं काहीच लागत नाही. त्याच्या सायकलवरून मॉस्को थेट तालुक्याच्या गावी पोचलं, आणि तेही मराठी बोलत. माझ्या मते त्या दूतावासाचं खरं शहाणपण इथे दिसतं.

[पुस्तकाचं मुखपृष्ठ. बर्फ, आगगाडी, दोन मुलं.]

पाक्षिकाच्या मागोमाग पुस्तकं आली. ती दूतावासाची नव्हती, मॉस्कोच्या सरकारी प्रकाशनसंस्थांची होती. कथा-कादंबऱ्या प्रगती प्रकाशनाच्या, पुढे १९८२ पासून रादुगाच्या. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य. विज्ञानाची पुस्तकं 'मीर'ची. छपाई देखणी, बांधणी पक्की आणि किंमत अशी की मुलाला खाऊच्या पैशांतून पुस्तक घेता यावं. ती परवडायची, कारण खर्चाचा मोठा भाग सोव्हिएत सरकार उचलत होतं.

त्यातलंच एक 'चुक आणि गेक'. लेखक अर्कादी गायदार, मराठी अनुवाद अनिल हवालदार यांचा. मॉस्कोत राहणारे दोन भाऊ. वडील दूर तैगाच्या जंगलात कामाला. त्यांच्याकडून तार येते, पण दोघांच्या भांडणात ती तार ठेवलेली डबी खिडकीबाहेर बर्फात जाते. आईला सांगायचं कोण? दोघंही गप्प बसतात. आई मुलांना घेऊन निघते, आगगाडीचा लांबलचक प्रवास, पुढे घसरगाडी, आणि पोचल्यावर कळतं की तिथे कुणीच नाही. 'आत्ता येऊ नका' हेच त्या तारेत होतं.

आता ही गोष्ट वाचणारं मूल डोळ्यांसमोर आणा. बाहेर चाळीस अंशांचं ऊन. बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तैगा कुठे आहे ते नकाशात शोधावं लागणार. पण भावाशी भांडून काहीतरी हरवणं आणि ते आईपासून लपवणं, हे त्याला कुणी समजावून द्यायला नको होतं. त्या दुपारी त्या मुलाचं रशियाशी नातं जुळलं. एवढं काम कुठल्या राजदूताच्या भाषणानं झालं असतं?

आणि ते अनुवादकांमुळे झालं. हवालदारांसारखी मराठी माणसं मॉस्कोत राहून ही पुस्तकं रशियनमधून मराठीत आणत होती. मुलांच्या नजरेत त्यांची नावं कधी भरलीच नाहीत. म्हणून ती इथे मुद्दाम घ्यायची.

[पाक्षिकाची पानं भराभर उलटताना.]

या चकचकीत पानांची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा प्रचार होता. पिकं कायम भरघोस, कामगार कायम हसरा. श्रमछावण्या कुठेच नाहीत. १९६८ साली प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले, त्याबद्दल मॉस्कोला सोयीचं तेवढंच. दूतावास आपल्या देशाची उजळ बाजूच दाखवणार. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकी दूतावासही १९६० पासून 'स्पॅन' काढत होताच. पण मुलांनी भाषणं वगळली आणि गोष्टी ठेवून घेतल्या. प्रचार विरून गेला. चुक आणि गेक मात्र राहिले.

[रेवदंड्याचा किनारा.]

दूतावास जुने धागेही शोधतात. रशियाला आपल्या किनाऱ्यावर एक सापडला. पंधराव्या शतकात त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन विकायला घोडा घेऊन चौलला उतरला. पुढे पावसाळ्यात जुन्नरला राहिला आणि पाहिलेलं लिहून ठेवलं. त्याच्यावर १९५७ साली दोन्ही देशांनी मिळून 'परदेसी' हा चित्रपट काढला, आणि रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे.

इकडूनही माणसं तिकडे गेली. स्टालिनग्राडचा पोवाडा रचणारे अण्णाभाऊ साठे १९६१ साली प्रत्यक्ष रशियाला जाऊन आले. सोव्हिएत लँडच्या नावाने भारतीय लेखकांना नेहरू पुरस्कार दिला जाई. तो नारायण सुर्वे यांनाही मिळाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. वाटेगावचा माणूस मॉस्कोच्या ग्रंथालयात! ऊर भरून येतो.

[रद्दीच्या दुकानातली पुस्तकं.]

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. त्याआधीच ओसरू लागलेला पुस्तकांचा ओघ थांबला. मुंबईत पेडर रोडवर रशियन हाऊस हे रशियाचं सांस्कृतिक केंद्र आजही आहे, तिथे रशियन भाषेचे वर्ग चालतात. पण मराठीतून येणारं ते टपाल पुन्हा आलं नाही.

त्या वेळची मुलं आता साठीच्या आसपास आहेत. रद्दीवाल्यांकडे ही पुस्तकं शोधतात, मिळाली की पान न् पान स्कॅन करून एकमेकांना पाठवतात.

[पुस्तकाचं शेवटचं पान. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

या पुस्तकांच्या शेवटी वाचकांना एक विनंती असे. पुस्तक, अनुवाद आणि मांडणी कशी वाटली, ते आम्हाला जरूर कळवा. खाली पत्ता. झुबोव्स्की बुलेवार, मॉस्को, सोव्हिएत संघ.