आधी भोक, मग आकार : लाकडी पाइप घरी कसा करतात

नमस्कार मंडळी. तंबाखू ओढायचा लाकडी पाइप कसा घडवतात ते आज दाखवतो. हा ठोकळा बघा.

(ठोकळा कॅमेऱ्याजवळ)

साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा. याला ब्रायर म्हणतात. इटली, ग्रीस, कॉर्सिका अशा भूमध्य समुद्राच्या बाजूला एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या बुंध्याला, मुळाच्या वर, जमिनीत गाठ धरते. ती गाठ काढायची, कापायची, तासन् तास उकळून तिच्यातला रस काढायचा आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षं, सावकाश वाळवायची. तेव्हा कुठं हा ठोकळा तयार होतो. हे लाकूड घट्ट असतं आणि उष्णता सोसतं. म्हणून आत निखारा असला तरी सहज जळत नाही.

तंबाखू म्हटलं की आपल्या भागात पहिलं नाव निपाणीचं. १९८१ साली शरद जोशींबरोबर तंबाखूचे शेतकरी रस्त्यावर बसले होते, ते अजून घराघरांत सांगतात. पण निपाणीची तंबाखू विडीची. आणि आपल्याकडची ओढायची वस्तू म्हणजे चिलीम. माझे आजोबा ओढायचे. मातीची चिलीम, आत खडा, खाली ओली छापी, म्हणजे फडकं. मी स्वतः ओढत नाही, आणि तुम्हीही सुरू करू नका; पाइपनंही तोंडाचा कॅन्सर होतो. मला गोडी आहे ती घडवण्याची.

चिलमीत धूर सरळ खाली येतो. पाइपमध्ये त्याला वळावं लागतं. सगळी मेख त्या वळणात आहे.

(कागदावरचं रेखाटन)

इथं तंबाखू भरायची वाटी, साधारण १९-२० मिलिमीटर रुंद, ३५ ते ४० खोल. ही आडवी मान. मानेतून धुराची वाट येते, ४ मिलिमीटरची. ती वाटीच्या तळाला, अगदी मधोमध, टेकलीच पाहिजे. वाट तळाच्या वर निघाली तर खालची तंबाखू जळत नाही, ओली राहते. खाली गेली तर तिथं खड्डा होतो, त्यात पाणी साचतं आणि ओढताना गुडगुड आवाज येतो. एखाद्या मिलिमीटरनं पाइप बिघडतो, वरून कितीही देखणा असू दे.

म्हणून भोकं आधी, आकार मागाहून. चौकोनी ठोकळा लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पकडीत, घट्ट बसतो. गोलसर घडवलेला तुकडा नीट धरता येत नाही.

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथची कमी नाही. मी सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा घाई केली. आधी वाटी पाडली आणि मग मानेकडून ड्रिल लावलं. ते रेघेतून सरकत गेलं आणि वाटीच्या तळाखालून बाहेर आलं. मेस्त्री म्हणाले, "बिट पळालं बघ. आधी छोट्या सेंटर ड्रिलनं वाट दाखवायची त्याला." तो ठोकळा मी ठेवलाय. हा बघा, खालून भोक. बघताना अजून जिवाला लागतं.

आता मी असा करतो. मानेकडून आधी ८ मिलिमीटरचं भोक, त्यात तोंडाची नळी बसणार. ठोकळा चकमधून न सोडता त्याच रेषेत ४ मिलिमीटरची वाट. म्हणजे दोन्ही एकाच अक्षावर राहतात. मग ठोकळा फिरवून वाटी. तिच्यासाठी चपटं बिट ग्राइंडरवर घासून टोक गोल करून घेतलंय, म्हणजे तळ वाटीसारखा येतो. लाकूड पुष्कळ सोडा. वाटीची भिंत चहूबाजूंनी ६ मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही.

आकार देताना कानस, पॉलिश पेपर आणि सवड. २२० नंबरपासून सुरू करून ६००, १००० पर्यंत जा. मध्येच ओल्या फडक्यानं पुसा, दबलेले तंतू वर येतात, मग परत घासा. ओलं झालं की रेषा दिसायला लागतात. त्या रेषा वाटीभोवती वर जाताना दिसल्या की मी किती वेळ हात थांबवून बसतो, सांगता येत नाही. वार्निश मात्र लावू नका; गरम झालं की फुगतं. कार्नॉबा मेण (ताडासारख्या झाडाच्या पानांचं कडक मेण) बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, लावून झळाळी आणायची. वाटीच्या आत काही नको.

नळीसाठी एबोनाइट, म्हणजे कडक रबर; फाउंटन पेनवाल्यांकडचाच दांडा. उन्हात ठेवला तर हिरवट पडतो, सांभाळा.

"इथलं लाकूड चालेल का?" असं बरेच जण विचारतात. मी चिंचेचा बुंधा आणला होता, खानापूरकडून. नीट वाळला नव्हता. पावसाळा संपून हवा कोरडी झाली आणि आठवड्यात उभा तडकला. घट्ट आणि पूर्ण वाळलेलं लाकूड असेल तर शिकण्यापुरतं घ्या. पण कण्हेर, बिब्बा यांचा तुकडा कधीच नको. कण्हेर विषारी, तिचा धूरही. बिब्ब्याच्या रसानं फोड येतात. आणि कुठलंही लाकूड घासताना तोंडाला मास्क हवाच. शिसवीच्या भुशानं तर काहींना पुरळ येतं, दमाही होतो.

(तयार पाइप हातात)

हा तयार झालेला. आता बघा, नळीतून पाइप क्लीनर, म्हणजे लव गुंडाळलेली तार, घालतो. कुठं अडकतोय का? नाही, सरळ वाटीत आला. बरोबर तळाशी. आता रिकामाच ओढून बघतो.

(ओढतो)

ऐकलंत? बारीकशी शिट्टी येते. वाट बरोबर आहे, म्हणजे नळीचं टोक आणि मानेतल्या भोकाचा तळ यांत फट राहिलीय. नळीचं टोक आखूड पडलं. उद्या सकाळी नवा दांडा कापतो आणि ही फट संपेपर्यंत बसवतो.