सह्या, शिक्के आणि साडेसात हजार

(दृश्य : गोल्फ क्लब मैदान, सकाळ. ट्रॅकवरून चालणारी माणसं, स्वेटर, कानटोप्या.)

सकाळचे साडेसहा वाजलेत आणि हे नाशिकचं गोल्फ क्लब मैदान, कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगून बघा, तो परत विचारणार, म्हणजे गोल्फ क्लबच ना. ट्रॅकवर चालणाऱ्यांत साठीच्या पुढचेच जास्त दिसतात. कोणी हात हलवत चाललंय, कोणी मोबाईलवर भजन लावून, आणि तिकडे कोपऱ्यात हास्यक्लबवाले सुरू झालेत, त्यांचा आवाज तर पार रस्त्यापर्यंत येतोय.

पण आपल्याला बघायचंय ते या बाकाकडे. निळी प्लास्टिकची फाईल, वर रबर बँड, आणि चालून आलेला जो तो घाम पुसत पुसत तिच्यात सही करतोय. नाव, गाव, मोबाईल नंबर आणि पीपीओ नंबर. पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, आणि हा नंबर इथल्या कित्येकांना आपल्या गाडीच्या नंबरपेक्षा जास्त पाठ आहे.

आता तुम्ही म्हणाल बागेत बसून म्हातारी माणसं सह्या करतात त्याने देशाचा कायदा हलतो का. हलतो. हळू हलतो, अर्धवट हलतो, कधी मागेही सरकतो, पण हलतो, आणि तो कसा हलतो तेच या फिल्ममध्ये आहे.

(दृश्य : सातपूर एमआयडीसी, शिफ्ट सुटतानाची गर्दी. मग एका निवृत्त कामगाराचे हात, क्लोजअप.)

हे सातपूर. इकडे सातपूर आणि तिकडे अंबड, या दोन एमआयडीसींनी नाशिकच्या दोन पिढ्या पोसल्या, लेथवर, प्रेसवर, पेंट शॉपमध्ये. हे काका फिटर होते, बोटं बघा, सरळ होत नाहीत आता. कारखान्यातली माणसं निवृत्त झाली की सरकारी नोकरासारखी पेन्शन नाही मिळत, त्यांना मिळते ती ईपीएस-95, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना 1995, जी 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाली. मालकाकडून पीएफला जे पैसे जातात त्यातून पगाराच्या 8.33 टक्के इकडे वळतात, केंद्र सरकार वर 1.16 टक्के घालतं, झालं.

(दृश्य : बँक पासबुक, पान उलटताना.)

हे पासबुक जरा थांबवून बघा. हिशोबाचा फॉर्म्युला अगदी साधा आहे, पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. पण गोम अशी की तुमचा खरा पगार किती का असेना, बहुतेकांचा पेन्शनसाठी धरला गेला तो 6500 पर्यंतच, 2014 नंतर ती मर्यादा 15000 झाली. मग 6500 आणि 20 वर्षं घाला त्या फॉर्म्युलात, साधारण 1857 रुपये येतात. महिन्याचे. वर महागाई भत्ता नाही, त्यामुळे निवृत्त झाल्या दिवशी जो आकडा लागला तोच आजही पासबुकात येतोय, मधे गॅस सिलिंडर कुठून कुठे गेला ते तुम्हाला माहितीच आहे.

देशभरात असे 75 लाखांहून जास्त पेन्शनर आहेत, आणि त्यांची मागणी आहे किमान 7500 आणि त्यावर महागाई भत्ता.

(दृश्य : सीबीएस, जिल्हाधिकारी कार्यालयाचं गेट. शिष्टमंडळ आत जाताना. आवक विभागाची खिडकी, शिक्का.)

तर आता फाईल निघाली. सीबीएस म्हणजे सेंट्रल बसस्टँड, त्याच्याजवळचं जिल्हाधिकारी कार्यालय. सात-आठ जण, पांढरे शर्ट, एकाच्या गळ्यात पिशवी, पिशवीत निवेदनाच्या पाच कॉप्या. पाच का, तर एक कलेक्टरना, एक खासदारांना, एक पालकमंत्र्यांना, एक वर फेडरेशनला आणि एक आपल्याकडे, त्या शेवटच्या कॉपीवर पोचेचा शिक्का पाहिजे म्हणजे पाहिजे. शिक्का नीट उठला नाही तर हे लोक परत मारायला लावतात, बघा, आत्ताच मारायला लावला. खिडकीतला मुलगा हसतोय पण मारतोय. आयुष्यभर कारखान्यात चलन आणि गेटपास सांभाळलेली माणसं आहेत ही, शिक्क्याशिवाय कागद म्हणजे रद्दी हे त्यांना कोणी शिकवायला नको.

इथून कागद कुठे जातो ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. गल्लीतला ज्येष्ठ नागरिक संघ, त्याच्यावर तालुका-जिल्ह्याची समिती, त्याच्यावर राज्यभरातल्या संघांचा महासंघ म्हणजे फेस्कॉम, आणि देशपातळीवर आइस्कॉन. पेन्शनवाल्यांची उतरंड वेगळी, त्यांची राष्ट्रीय संघर्ष समिती बुलढाण्यातून चालते, कमांडर अशोक राऊत तिचे अध्यक्ष, आणि बुलढाण्यात 2018 पासून यांचं साखळी उपोषण सुरू झालं, रोज नवे चार-पाच म्हातारे मंडपात बसणार अशी पाळी लावून. एकाच माणसाने अन्न सोडलं तर बातमी होते चार दिवस, पण पाळीने बसलं की वर्षानुवर्षं बसता येतं. हे डोकं कारखान्यातलंच, शिफ्ट ड्युटीचं.

(दृश्य : संसद भवन, बाहेरून. ग्राफिक : अर्ज, समिती, अहवाल.)

आता संसद. सामान्य माणसाला वाटतं कायदा म्हणजे सभागृहात भाषणं, हात वर, मतदान. पण राज्यसभेत एक याचिका समिती असते, पिटिशन कमिटी, आणि तिच्यासमोर कुठलाही नागरिक कागद ठेवू शकतो, खासदाराची प्रतिस्वाक्षरी घेऊन तो सभागृहात मांडता येतो. ईपीएस-95 मध्ये दुरुस्ती करा असा अर्ज या समितीसमोर गेला, भगतसिंह कोश्यारी तेव्हा तिचे अध्यक्ष, होय तेच, पुढे आपले राज्यपाल झाले ते. समितीने पेन्शनरांच्या संघटनांना ऐकलं, अधिकाऱ्यांना बोलावलं, आणि सप्टेंबर 2013 मध्ये अहवाल दिला, समितीचा 147 वा अहवाल. त्यात सांगितलं की किमान पेन्शन 3000 करा, ती महागाईशी जोडा आणि सरकारने आपला 1.16 टक्क्यांचा वाटा वाढवून 8.33 वर न्या.

हा अहवाल म्हणजे या लोकांची गीता आहे. या टेबलावर बघा, झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट झालीत, तरी पिवळ्या हायलायटरने ओळी मारलेल्या. इंग्रजी वाचता न येणाऱ्यालाही कुठल्या पानावर 3000 लिहिलंय ते माहितीये.

पुढच्याच वर्षी, 1 सप्टेंबर 2014 पासून, किमान पेन्शन 1000 रुपये झाली. मागितले होते 3000, मिळाले 1000, पण त्याआधी निवृत्त कामगाराला किमान असं काही नव्हतंच, कोणाला दोनशे, कोणाला साडेतीनशे असंही पडायचं. आणि यातली खरी गंमत, की यासाठी संसदेत विधेयक आणावंच लागलं नाही. ही योजना तेव्हा 1952 च्या पीएफ कायद्याखाली होती, त्यामुळे सरकारने अधिसूचना काढली आणि काम झालं. म्हणून मुरलेले लोक भाषणापेक्षा अधिसूचनेच्या मागे असतात. कायदा संसद करते, दात मात्र त्याला नियमात आणि जीआरमध्ये बसतात, आणि तिथे कोणाचंच लक्ष नसतं, फक्त ज्याच्या पोटाला चिमटा बसलाय त्याचं असतं.

आणखी एक, पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळात मालकांचे 10 प्रतिनिधी आणि कामगारांचे 10, पण जो पेन्शन घेतोय त्याची स्वतःची वेगळी खुर्ची तिथे ठेवलेली नाही. जिथे खुर्ची नाही तिथे दाराबाहेरून बोलावं लागतं. मग खासदार गाठायचे. मार्च 2020 मध्ये तर मथुरेच्या खासदार हेमामालिनी या लोकांच्या शिष्टमंडळाला घेऊन पंतप्रधानांना भेटल्या, तो फोटो आजही इथल्या कित्येक मोबाईलमध्ये आहे, आणि काका लोक तो दाखवताना मागणीबद्दल कमी आणि ड्रीमगर्लबद्दल जास्त बोलतात, ते आम्ही एडिट केलं.

सरकारचं म्हणणंही सांगायला हवं. फंडात तूट आहे, एवढे पैसे आणायचे कुठून. आणि तो मुद्दा अगदीच खोटा नाही, कारण 15000 पगार आणि पूर्ण 35 वर्षं नोकरी धरली तरी फॉर्म्युल्यातून बरोब्बर 7500 च निघतात, म्हणजे ज्याला आज जास्तीत जास्त म्हणतात तेच हे लोक कमीत कमी म्हणून मागतायत. पण तो फॉर्म्युला काय देवाने लिहून दिलाय का.

(दृश्य : ठक्कर बाजार बसस्टँड. एसटीत चढणारे आजी-आजोबा. कंडक्टर आधार कार्ड बघताना.)

आता हे बघा, किती छान फ्रेम आहे. ठक्कर बाजार, शिर्डीची गाडी लागलीये, आणि आजी कंडक्टरला आधार कार्ड दाखवतायत ते असं की जणू पासपोर्टच. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, 26 ऑगस्ट 2022 पासून, अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. 65 ते 75 ला अर्धं तिकीट. ही मागणी पटकन सुटली, कारण एसटी राज्याची, घोषणा राज्याची, स्वातंत्र्याची पंच्याहत्तरी होती, आणि फुकट तिकीट लगेच डोळ्याला दिसतं. पेन्शनमध्ये हजार वाढले तर बँकेत दिसतात, बसमध्ये सगळ्या गावाला दिसतं. पुढाऱ्याला काय सोपं वाटणार ते सांगायला नको.

केंद्राच्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक म्हणजे 60 आणि एसटीच्या तिकिटात 65, या पाच वर्षांवर संघांची किती निवेदनं गेली असतील त्याची मोजदाद नाही.

(दृश्य : नाशिकरोड स्टेशन, पंचवटी एक्स्प्रेस.)

आणि इथे उलटं झालं. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर 40 टक्के, बायकांना 58 नंतर 50 टक्के सवलत होती, ती 20 मार्च 2020 ला कोरोनाच्या नावाखाली बंद झाली. कोरोना गेला, पंचवटी सुरू झाली, गर्दी परत तशीच झाली, सवलत काही परत आली नाही. संसदेच्या रेल्वे समितीने निदान स्लीपर आणि थ्री एसीला तरी द्या म्हणून शिफारस केली, सरकारचं उत्तर ठरलेलं, प्रत्येकाच्या तिकिटात आधीच सबसिडी आहे. द्यायला कायदा लागला नव्हता, काढायलाही लागला नाही.

(दृश्य : प्रांत कार्यालयाचा व्हरांडा, बाकावर बसलेली जोडपी. चेहरे धूसर.)

2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा. मुलं सांभाळत नसतील तर प्रांतांसमोर अर्ज, महिन्याला जास्तीत जास्त 10000 चा आदेश, आणि सांभाळीन या अटीवर लिहून दिलेलं घर परत घेता येतं, कलम 23. संसदेत कायदा झाला 2007 ला, आपल्याकडे नियम आले 2010 ला, मधला काळ पाठपुराव्यात गेला. पुढे 10000 ची मर्यादा काढा, सून-जावयालाही जबाबदार धरा, असं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, 2021 ला अहवाल आला, आणि 2024 ला लोकसभा विसर्जित झाली तसं तेही गेलं. या बाकावरचे लोक मात्र तारखेला येतायत.

(दृश्य : विरंगुळा केंद्र, संध्याकाळ. कॅरम, खुर्च्यांचा गोल, मधे लॅपटॉप.)

संध्याकाळची बैठक. निवडणूक जवळ आली की इथे हमखास कोणीतरी येतं, खुर्च्या देतं, काठ्या वाटतं, फोटो काढून जातं, या खुर्च्याही तशाच आल्यात, मागे नाव आहे ते आम्ही फ्रेममध्ये घेतलं नाही. इथली मंडळी काही भोळी नाहीत. खुर्ची घेतात आणि त्याच माणसाच्या हातात निवेदनही देतात, जाहीरनाम्यात एक ओळ तरी टाका म्हणून, आणि ओळ पडली की पुढची पाच वर्षं ती ओळ त्याच्यासमोर धरतात.

पण सगळे एकाच बाजूचे आहेत असंही नाही. सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्यांना पेन्शनची तेवढी चिंता नाही, त्यांना रेल्वे हवी. सातपूरवाल्यांना 7500 शिवाय दुसरं ऐकायचंच नाही. लॅपटॉपवर बसलेले हे बाबा मंडळात सगळ्यात तरुण, निवृत्त होऊन वर्षच झालंय, म्हणून टायपिंग त्यांच्या गळ्यात. पुढच्या अधिवेशनासाठी मसुदा चाललाय, पहिली मागणी कोणती यावर अर्धा तास घासाघीस झाली, त्यातलं दोन मिनिटं तुम्ही बघताय. ठरलं ते असं, पेन्शन एक, रेल्वे दोन, एसटीचं वय तीन.

मग दाराशी बसलेल्या आजींनी विचारलं की श्रावणबाळचं काय. त्यांना ना पीएफ ना पीपीओ, आयुष्यभर द्राक्षबागेत मजुरी केलेली. श्रावणबाळ म्हणजे राज्याची निराधार म्हाताऱ्यांसाठीची योजना, तिचे महिन्याला 1500 मिळतात, आणि वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ऐंशी वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा अजूनही 200 रुपये. बाबा आढाव आणि अरुणा रॉय या कार्यकर्त्यांनी पेन्शन परिषद उभी केली ती याच लोकांसाठी, 2012 मध्ये. बैठकीत थोडी कुजबुज झाली, मग कोणीतरी म्हणालं घ्या, घ्या. चौथी मागणी म्हणून टाईप झाली. एका पानात मावत नव्हतं, त्यामुळे ती मागच्या बाजूला गेली.