सतरंजीची चार टोकं

सलाम श्रोतेहो. कसे आहात? सकाळची घाई असेल, कोणाचे डबे भरून झाले असतील, कोणाचे व्हायचे असतील, असू दे. हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. मला पंधरा मिनिटं दिलीयत आणि त्यातली पाच मी नेहमीसारखी इकडेतिकडे घालवणार, हे तुम्हालाही आता माहीत झालंय.

आज तारीख १८ जानेवारी. आजपासून २५ तारखेपर्यंत जगात बऱ्याच ठिकाणी ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो, १९०८ पासून चालत आलाय हा. कॅथलिक असोत, प्रोटेस्टंट असोत, सगळ्यांनी मिळून एकमेकांसाठी प्रार्थना करायची. पण आम्हा लालबाग-परळवाल्यांना १८ जानेवारी म्हटलं की पहिलं दुसरंच आठवतं. १९८२ साली ह्याच तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, तो संप रीतसर मागे असा कोणी घेतलाच नाही. माझे पप्पा त्यातलेच. आता ते देवाघरी आहेत, पण हिशोबाने बघायला गेलं तर अजून संपावरच आहेत.

तर एकाच तारखेला दोन गोष्टी, एक ऐक्याची आणि एक हालाची. म्हणून म्हटलं आज दोन्हीवर बोलू. ऐक्य, आणि हालात देवावर भरवसा.

ऐक्याचं कसं आहे, भाषणात फार सोपं असतं. बायबलमध्ये योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू प्रार्थना करतो बघा, पकडून नेण्याच्या आधी, त्याच रात्री. शिष्यांसाठी करतो, आणि मग पुढे जे विश्वास ठेवणार त्यांच्यासाठीही करतो. काय मागतो? ह्यांना पैसा दे, आरोग्य दे, असलं काही नाही. हे सगळे एक व्हावेत. एक व्हावेत, एवढंच. मरणाच्या आदल्या रात्री माणूस फालतू गोष्ट मागत नाही. आणि आपण काय केलं? आपल्याकडे १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या, म्हणजे सहा वेगवेगळी चर्चं, एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, २९ नोव्हेंबरला, किती मोठी गोष्ट, आणि अजूनही लग्न जमवायला बसलं की पहिला प्रश्न येतोच, तुमचं मूळ मिशन कुठलं हो? जाऊ दे. ह्या विषयावर मी बोलायला लागले तर माझा मुलगा रेडिओ बंद करतो, आणि स्वतःच्या आईचा.

मी तुम्हाला आमच्या चाळीतली गोष्ट सांगते. काहींनी ही माझ्याकडून आधी ऐकली असेल, त्यांनी चहा टाकून या.

मी तेव्हा बारावीला होते. संपाला दहा-बारा वर्षं होऊन गेलेली, पप्पा दादरला एका बिल्डिंगमध्ये वॉचमन, गिरणीचे पैसे आज येतील उद्या येतील करत सगळं चाललेलं. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि दर बुधवारी संध्याकाळी आमच्या खोलीत प्रार्थना असायची, कारण आमच्याकडे सतरंजी होती. खरंच तेवढंच कारण. मोठी, निळ्या-लाल पट्ट्यांची, एका टोकाला इस्त्रीने जळलेली. ज्याच्याकडे सतरंजी त्याच्याकडे प्रार्थना, असा साधा नियम होता.

आमच्याच मजल्यावर गॅलरीच्या एका टोकाला पेटीवाले काका राहायचे, आमच्या चर्चमध्ये पेटी म्हणजे हार्मोनियम वाजवणारे, आणि दुसऱ्या टोकाला खजिनदार काका, चर्चचे पैसे सांभाळणारे. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, अरे-तुरे, संडे स्कूलपासून बरोबर. आणि मग आमच्या मंडळीने कीबोर्ड घेतला. झालं. खजिनदार काकांनी नाताळच्या वर्गणीतून घेतला आणि जुनी पेटी दुरुस्तीला म्हणून पाठवली ती परत आलीच नाही. पेटीवाल्या काकांचं म्हणणं, पेटी विकली. खजिनदार काकांचं म्हणणं, पेटीला उंदरांनी खाल्लं होतं, दुरुस्ती कसली करणार. (कीबोर्डबद्दल माझं स्वतःचं मत विचाराल तर त्यातल्या त्या आयत्या ठेक्याने आपल्या गीतांची वाट लावलीय. टिळकांची गीतं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, ती अभंगाच्या, ओवीच्या चालीने मनात उतरतात, त्याच्यामागे ते ढिक्चिक ढिक्चिक कशाला? असो.)

चौदा महिने दोघं बोलले नाहीत. चाळीत न बोलणं म्हणजे काय, ते चाळीत राहिलेल्यांनाच कळेल. पहाटे साडेचारला पाण्याला दोघं नळावर, सहा वाजता संडासच्या लायनीत दोघं मागेपुढे, हातात टमरेल, आणि तोंडातून शब्द नाही. बुधवारी मात्र दोघं यायचे. सतरंजीच्या ह्या टोकाला एक, त्या टोकाला एक. आणि प्रार्थना करायचे, पण कशी? पेटीवाले काका डोळे मिटून म्हणायचे, प्रभू, काही लोकांना पैशाचा कारभार हातात आला की गर्व होतो, त्यांना क्षमा कर. आमेन. मग खजिनदार काका, प्रभू, काही लोकांना तुझी सेवा नको, स्वतःचं कौतुक हवं, त्यांना तू समज दे. आमेन. आम्ही पोरं तोंडात ओढणी कोंबून हसायचो. देवाला मध्ये बसवून दगडफेक चाललेली, आणि देव बिचारा गप्प.

त्या बुधवारी असा पाऊस की विचारू नका. जुलै महिना. हिंदमाताला पाणी भरलेलं, तिकडे काय, पाऊस म्हटला की पाणी भरणारच. फार कोणी आलं नव्हतं, पाच-सहा जण. लाईटपण गेलेली, मेणबत्तीवर चाललेलं. पेटीवाल्या काकांची प्रार्थना चालू, काही लोकांना क्षमा कर, इथवर आली होती, आणि आतून मोरीतून धाडकन आवाज. टोप पडल्याचा, आणि मग आजीचा.

आजी चहाची भांडी विसळायला गेली होती, पाय सरकला. खुब्याचं हाड गेलं. तेव्हा आम्हाला ते कळलं नाही, एवढंच दिसत होतं की पाय वाकडा पडलाय आणि तिला हलवता येत नाही. खालच्या दुकानातून फोन लावला तर अॅम्ब्युलन्स पाण्यातून येऊ शकत नाही म्हणाले. हॉस्पिटल तसं जवळ, पण आमचा जिना! लाकडी, अरुंद, मध्ये दोन वळणं, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला चिकटायचं.

पप्पा म्हणाले, सतरंजी.

सगळे उठले, सतरंजी ओढली, आजीला तिच्यावर घेतलं. चार टोकं, चार माणसं हवीत. पप्पा एक. पेटीवाले काका दोन. खजिनदार काका तीन, कारण तिथे दुसरा पुरुष माणूसच नव्हता. आणि चौथा दुसऱ्या मजल्यावरचा दादा, गणपती मंडळाचा कार्यकर्ता, आवाज ऐकून वर आलेला. तो म्हणाला, बाजूला व्हा, मला सवय आहे, आम्ही मूर्ती उतरवतो. आणि त्याने ऑर्डर द्यायला सुरुवात केली. पुढचे दोघं टोक खांद्यापर्यंत वर घ्या, मागचे दोघं कमरेखाली ठेवा, मूर्ती सपाट राहिली पाहिजे! मूर्ती म्हणजे आमची आजी. मी पुढे बॅटरी घेऊन.

पुढे पेटीवाले काका आणि दादा. मागे पप्पा आणि खजिनदार काका. पहिल्या पाच-सहा पायऱ्या झाल्या आणि पेटीवाले काका म्हणतात, मागच्यांना सांगा जरा खाली धरा. कोणाला सांगा? तर दादाला. मागून खजिनदार काका, पुढच्यांना म्हणावं घाई नको. दादा वैतागला, अहो टेलिफोन एक्स्चेंज आहे का मी, डायरेक्ट बोला की, आजी पडेल! तरी नाही.

आणि पहिल्या वळणावर आजी, एवढ्या दुखण्यात, डोळे मिटून, मला हाक मारते. मला वाटलं आता काहीतरी शेवटचं बोलणार. ती म्हणाली, अगं गॅस बंद केलास का? चहाचं आधण आहे वर.

मी काय केलं असेल? मी पळाले. बॅटरी घेऊन पळाले वर, गॅस बंद करायला! आणि ही चार माणसं आजीला धरून वळणावर, गुडूप अंधारात.

मी वर गॅस बंद केला, आधण पार आटलेलं होतं, आणि परत जिन्याशी आले तर खालून आवाज. थांब, वळण आहे, डावा पाय. दिला. अजून एक. धर रे, धर. धरलंय, तू उतर. पायरी तुटकी आहे, सांभाळ. अजून एक. अजून एक. अंधारात त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, पायरी दिसत नव्हती, आवाज सोडून काही नव्हतंच. चौदा महिन्यांनी पहिला शब्द, धर रे. मी बॅटरी लावली नाही. हो, खरं सांगते, मुद्दाम नाही लावली. खालच्या पायरीपर्यंत तशीच मागून गेले.

खाली दादाने बाजारातली हातगाडी आणली, गुडघाभर पाण्यातून आजीला नेलं, सतरंजीसकट. ह्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय आवडतं माहितीय, वर प्रार्थना करणारे आम्ही, आणि रस्ता दाखवणारा गणपती मंडळाचा. आता तिथे टॉवर झालाय, दोन लिफ्ट आहेत, स्ट्रेचर आत जाईल एवढी मोठी एक, आणि शेजारच्याचं नाव दारावरची पाटी वाचून कळतं. मी लिफ्टच्या विरोधात नाही, माझेही गुडघे गेलेत. पण असो.

तर वचनाकडे येते, वेळ कमी राहिलाय. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट तुम्हाला पाठ आहे. कफर्णहूम गाव, येशू आहे ते घर भरलेलं, दारात जागा नाही, चौघं जण एका लुळ्या माणसाला उचलून आणतात आणि छप्पर उसकून त्याला खाली सोडतात. तिथे काय लिहिलंय? येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा. नीट ऐका, त्यांचा. एकट्याचा नाही. मला कधीकधी वाटतं त्या चौघांत पण दोघं न बोलणारे असतील, कशावरून नसतील? पण खाट खाली सोडायची तर चारी दोऱ्या सारख्याच सुटायला पाहिजेत, नाहीतर माणूस कलंडला. नुसती प्रार्थना आम्ही चौदा महिने करतच होतो. टोक धरावं लागतं. टोक धरा आणि प्रार्थना करा, दोन्ही. आणि हो, ते व्हॉट्सअॅपवर हात जोडलेलं चित्र टाकणं म्हणजे टोक धरणं नव्हे, मीही टाकते, मला लाज वाटते, पण नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, मग आजी चालायला लागली का? नाही. ऑपरेशन झालं, रॉड घातला, पण ती वॉकरवरच राहिली. वर्षभर सगळी मंडळी प्रार्थना करत होती. गिरणीचे पैसेही आले नाहीत. इथे येऊन मला पंडिता रमाबाई आठवतात नेहमी. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली-बायका केडगावला आणून ज्यांनी जगवल्या, त्यांची स्वतःची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, त्यांच्या आधी. आणि त्या काय करत होत्या? बायबलचं मराठी भाषांतर, थेट हिब्रू आणि ग्रीकवरून, आपल्या साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. कित्येक वर्षं चाललेलं काम. मुलगी गेली म्हणून ते सोडलं नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. भरवसा कशाला म्हणतात ते मला व्याख्येत सांगता येत नाही, पण रोज सकाळी उठून त्या टेबलाशी बसणं, ते असावं.

मी एकदा आजीला विचारलं होतं, एवढी प्रार्थना केली, तुझा पाय का नाही बरा झाला गं? ती म्हणाली, मला काय माहीत, त्याला विचार. मी रोज विचारते.

आणि ते दोघं? गोड झालं सगळं असं समजू नका. नाताळ आला आणि परत पेटी की कीबोर्ड सुरू झालं. आमच्या खिडकीसमोर गॅलरीत उभे राहून, एकमेकांच्या तोंडावर बोट नाचवत, तू काय शिकवतो मला, तूच उंदरांना खायला घातली पेटी, अख्खी चाळ ऐकतेय. आजी खाटेवर पडलेली, माझ्या परीक्षा जवळ आलेल्या, मी खिडकी लावायला उठले. आजी म्हणाली, राहू दे उघडी. बोलतायत ना? मग मला ऐकू दे.

चला, माझी खूण झाली, काचेपलीकडून हात हलवतायत. पुढच्या आठवड्यात ह्याच वेळेला भेटू. आणि ते चहा टाकायला गेलेले, गॅस बंद केलात ना? सलाम.