वर्गात बसणारा निरीक्षक: परदेशात नोकरी करताना इंग्रजी अध्यापनाची पुढील पात्रता

उपस्थित शिक्षक मित्र-मैत्रिणींनो,

परदेशात इंग्रजी शिकवत असताना पुढचे शिक्षण घ्यायचे ठरवलेले शिक्षक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: कोणत्या प्रमाणपत्राला अधिक मान आहे? नोकरी, व्हिसा आणि पगाराची श्रेणी या तिन्ही गोष्टी कागदावर अवलंबून असल्यामुळे हा प्रश्न स्वाभाविकच आहे. मला मात्र त्याआधी दुसरी गोष्ट विचारावीशी वाटते. हा अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत तुमच्या वर्गात जाणकार माणूस किती वेळा येऊन बसणार आहे आणि तुमचे शिकवणे पाहून तुमच्याशी किती वेळा बोलणार आहे? या प्रश्नाचे उत्तर ‘एकदाही नाही’ असे असेल, तर त्या अभ्यासक्रमातून ज्ञान मिळेल, कदाचित पुढची नोकरीही मिळेल, पण तुमचे शिकवणे बदलेल याची खात्री देता येणार नाही. आज मी जे काही सांगणार आहे ते याच एका कसोटीभोवती आहे.

आरंभीच्या पातळीवर या कसोटीची गरज सर्वांत जास्त भासते, कारण ‘१२० तासांचा अभ्यासक्रम’ ही एकच पाटी दोन फार वेगळ्या वस्तूंवर लागलेली दिसते. केंब्रिज विद्यापीठाच्या सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या आरंभीच्या प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात किमान १२० तासांचे मार्गदर्शन असतेच, पण त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना शिकवण्याचे सहा तास असतात आणि त्या प्रत्येक पाठावर प्रशिक्षक नजर ठेवून असतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या समकक्ष प्रमाणपत्रातही असेच सहा तास आहेत. इंग्लंडच्या पात्रता चौकटीत ही दोन्ही प्रमाणपत्रे पाचव्या पातळीवर मोडतात. याउलट केवळ संगणकासमोर बसून, प्रश्नावल्या सोडवून पुरे होणारे १२० तासही बाजारात आहेत. अनेक देशांच्या व्हिसा नियमांना तेवढे चालते, आणि ज्याला तेवढ्यापुरतीच गरज आहे त्याने ते जरूर करावे. पण ते झाले म्हणजे आपले अध्यापनाचे प्रशिक्षण झाले असे त्याने समजू नये. १९६२ साली लंडनच्या इंटरनॅशनल हाऊसमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी शिक्षकांसाठी अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू केला. सेल्टाची परंपरा तिथून येते आणि खरे विद्यार्थी समोर ठेवून शिकवायला शिकणे हा तिचा गाभा आजही टिकून आहे. आज हा अभ्यासक्रम ऑनलाइनही करता येतो, परंतु तिथेही पडद्यापलीकडे जिवंत विद्यार्थी आणि त्यांना शिकवणाऱ्या उमेदवाराकडे पाहणारा प्रशिक्षक असतोच.

ज्यांनी हा टप्पा ओलांडला आहे त्यांच्यासाठी पुढची पायरी पदविकेची. केंब्रिजची डेल्टा आणि ट्रिनिटीची पदविका या दोन्ही सातव्या पातळीवर, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या पातळीवर, मोजल्या जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की प्रमाणपत्रानंतर निदान दोन वर्षे पूर्णवेळ शिकवल्याशिवाय पदविकेला हात घालू नये. आणि ही दोन वर्षे एकाच पातळीच्या, एकाच पाठ्यपुस्तकाच्या वर्गांत गेली असतील, तर ती दोन वर्षे म्हणून मोजू नयेत. नवशिक्यांपासून प्रगत विद्यार्थ्यांपर्यंत, लहान मुलांपासून नोकरदार प्रौढांपर्यंत जितके वेगळे वर्ग पदरात पडतील तितके मागून घ्यावेत, कारण पदविकेत तुम्हाला सतत विचारले जाते की हा पाठ याच विद्यार्थ्यांना का. ज्याने एकाच प्रकारचे विद्यार्थी पाहिले आहेत, त्याला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून उसने आणावे लागते.

डेल्टा २००८ पासून तीन स्वतंत्र मॉड्यूलमध्ये, म्हणजे भागांमध्ये, विभागली आहे. ती कोणत्याही क्रमाने करता येतात आणि परदेशात वर्षावर्षाच्या कराराने राहणाऱ्या माणसाला ही रचना फार सोयीची आहे. पहिले मॉड्यूल म्हणजे प्रत्येकी दीड तासाच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका. ही परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होते. तिच्यासाठी वाचन लागते, व्याकरणाचे आणि उच्चारशास्त्राचे बारकावे लागतात, पण वर्ग लागत नाही. म्हणून नव्या देशात पोहोचल्यावरच्या अस्थिर काळात, अजून वेळापत्रकही हातात आलेले नसताना, हे मॉड्यूल उरकून घेण्यासारखे आहे.

खरा कस लागतो तो दुसऱ्या मॉड्यूलमध्ये. त्यात चार पाठांचे मूल्यमापन होते. काही पाठ व्याकरण, शब्दसंपदा, उच्चार यांसारख्या भाषेच्या अंगांवर, तर काही वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या कौशल्यांवर घ्यावे लागतात आणि त्यांपैकी एक पाठ पाहायला केंब्रिजने नेमलेला बाहेरचा परीक्षक येतो. प्रत्येक पाठाआधी २००० ते २५०० शब्दांचा निबंध लिहायचा असतो: निवडलेल्या भाषिक मुद्द्याचे विश्लेषण, विद्यार्थ्यांना तो का जड जातो, आणि त्यावर शिक्षक काय करू शकतो. मग सविस्तर पाठटाचण, मग पाठ, आणि पाठानंतर स्वतःच्या शिकवण्याचे लेखी परीक्षण. याशिवाय एक प्रायोगिक पाठ असतो, ज्यात आपण कधीच न वापरलेली पद्धत मुद्दाम वापरून पाहायची असते. वर्षानुवर्षे एकाच वळणाने शिकवणाऱ्या शिक्षकाला हा प्रायोगिक पाठ जेवढे शिकवतो, तेवढे फार थोड्या गोष्टी शिकवतात.

परदेशात नोकरी करणाऱ्याच्या हाती इथे एक मोठी संपत्ती असते, आणि तिची जाणीव फार थोड्यांना असते. त्याच्या वर्गातले विद्यार्थी बहुधा एकाच मातृभाषेचे असतात. लंडनमधल्या एखाद्या वर्गात दहा भाषांचे विद्यार्थी असतील, तर ‘विद्यार्थ्यांच्या अडचणी’ या मथळ्याखाली शिक्षकाला सर्वसाधारण विधाने करावी लागतात. जपानी किंवा कोरियन वर्गापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला मात्र नेमके सांगता येते की या भाषांत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, म्हणून इथे ‘ए’ आणि ‘द’ यांचे नियम पाठ करून घेण्यापेक्षा ‘ऐकणाऱ्याला ही वस्तू आधीपासून ठाऊक आहे का’ ही कल्पनाच प्रथम रुजवावी लागेल. अरबी भाषक विद्यार्थ्यांना ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक ऐकवावा लागतो, कारण प्रमाण अरबीत ‘प’ हा स्वतंत्र ध्वनी नाही. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच असल्यामुळे ‘शिप’ (जहाज) आणि ‘शीप’ (मेंढी) हे शब्द विद्यार्थ्याच्या कानाला एकच वाटतात. ही निरीक्षणे त्या देशात राहून, विद्यार्थ्यांची भाषा थोडी तरी शिकून, त्यांच्या वह्या तपासून मिळतात. म्हणून मी आग्रहाने सांगतो की ज्या देशात आहात त्या देशाच्या भाषेचा अभ्यास हा तुमच्या पदविकेच्या अभ्यासाचाच भाग माना. इंग्रजीखेरीज इतर भाषा बोलून वाढलेल्या शिक्षकांना तर दोन व्याकरणे शेजारी ठेवून पाहण्याची सवय आधीपासूनच असते, आणि ती सवय त्यांनी निबंधात निःसंकोच वापरावी.

अडचणीही खऱ्या आहेत. दूरस्थ पद्धतीने दुसरे मॉड्यूल करायचे तर तुमच्या गावात किंवा जवळपास असा पात्र मार्गदर्शक हवा, जो प्रत्यक्ष येऊन पाठ पाहील. मोठ्या शहरांत तो मिळतो, लहान गावांत मिळेलच असे नाही. संस्थेची लेखी परवानगी हवी, विद्यार्थ्यांची संमती हवी, आणि ज्या आठवड्यात निरीक्षक येणार त्या आठवड्यात वर्ग भरलेला हवा. परीक्षांच्या मोसमात वर्ग रिकामे पडतात, सुट्ट्यांत संस्था बंद असते, आणि सत्राच्या मध्यावर वेळापत्रक बदलले की जुळवून आणलेला वर्गच हातातून जातो. तेव्हा नाव नोंदवण्याआधी संस्थाप्रमुखांशी बसून वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवावे आणि एक वर्ग शेवटपर्यंत आपल्याकडेच राहील असे ठरवून घ्यावे. आठवड्याला पंचवीस तास शिकवून वर हे सारे करणे जमेल असे मला वाटत नाही. शक्य असेल तर त्या काळापुरते तास कमी करून घ्यावेत, मग पगार थोडा कमी झाला तरी चालेल.

तिसरे मॉड्यूल म्हणजे ४००० ते ४५०० शब्दांचा एक दीर्घ प्रबंध, बहुतेकांच्या बाबतीत विशिष्ट विद्यार्थिगटासाठी आखलेल्या किमान २० तासांच्या अभ्यासक्रमाचा. व्यावसायिक इंग्रजी, लहान मुले, परीक्षेची तयारी, एकभाषक वर्ग असे विषय निवडता येतात. हा प्रबंध काल्पनिक गटावर लिहू नये. तुमच्या संस्थेला खरोखर हव्या असलेल्या अभ्यासक्रमावर लिहावा, म्हणजे तो पुढे वापरला जाईल.

पदव्युत्तर पदवीबद्दल थोडक्यात सांगतो. विद्यापीठात शिकवायचे असेल तर ती लागतेच, आणि डेल्टा झालेल्यांना काही विद्यापीठे श्रेयांकांत सूट देतात. पण अनेक दूरस्थ पदव्यांमध्ये निरीक्षित अध्यापन नसते, म्हणून शिकवण्याच्या कामासाठी मी पदविकेला आधीचे स्थान देतो. शाळांकडे वळू पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी: इंग्लंडमधील विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचे शिक्षक-प्रमाणपत्र, परदेशात राहून करता येते, मात्र त्यासोबत इंग्लंडचा अधिकृत शिक्षक दर्जा आपोआप मिळत नाही. तो हवा असेल तर त्यासाठी वेगळा मार्ग घ्यावा लागतो.

शेवटी कागदपत्रे. मिळालेले प्रमाणपत्र दुसऱ्या देशात वापरायचे तर त्याच्या खरेपणाची साक्ष द्यावी लागते. परदेशी कागदपत्रांच्या मान्यतेविषयीच्या १९६१ च्या हेग कराराच्या सदस्य देशांत अपॉस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी दाखल्याचा, एक शिक्का पुरतो. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, त्याआधी तिथे दूतावासाच्या साक्षांकनाची लांब वाट होती. सदस्य नसलेल्या देशांत ती वाट आजही चालावी लागते. प्रमाणपत्रावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का, हे नोंदणीच्या दिवशीच पाहावे, कारण निकालानंतर दुरुस्ती करून घेण्यात काही महिने जाऊ शकतात. कामाच्या व्हिसावर असताना त्या देशात अभ्यासक्रमाला नाव घालता येते का, दूरशिक्षणाची पदवी तिथे मान्य आहे का, हेही आधीच लेखी विचारून ठेवावे. आणि ही सारी उत्तरे हातात आल्यावरच पुढच्या वर्षाच्या करारावर सही करावी, म्हणजे निरीक्षकाच्या भेटींसाठी लागणारा वर्ग आणि वेळ त्या करारातच मागून घेता येईल.