लसीची सक्ती करण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

२०२४च्या डिसेंबरअखेर आपल्या नागपूरच्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान आलं, बर्ड फ्लू. पक्ष्यांचा हा विषाणू वाघापर्यंत पोचला होता. माणसाकडून माणसाकडे तो आज सहज पसरत नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्यावर नजर ठेवून आहेत. पुढची मोठी साथ याची येवो की दुसऱ्या कशाची, तिच्यामागून नवी लस येणार हे नक्की. आणि लस आली की २०२१ मध्ये चौकाचौकात रंगलेला वाद पुन्हा उभा राहणार, की ही लस सगळ्यांना सक्तीची करायची का?

हा वाद साथ अंगावर आलेली नसताना घालावा, डोकं ठिकाणावर असताना घालावा, असं मला वाटतं. म्हणून आज तुमच्याशी बोलायला आले आहे.

माझी बाजू आधीच सांगते. मी डॉक्टर आहे आणि लसीच्या बाजूची आहे. स्वतः घेतली, घरच्या म्हाताऱ्या माणसांना आग्रहानं दिली. २०२१च्या मार्च-एप्रिलमध्ये खाटेसाठी मेडिकल आणि मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात ताटकळलेली माणसं ज्यांनी पाहिली, त्यांना लसीचं मोल वेगळं सांगायला नको. पण 'लस घ्या' म्हणणं आणि 'लस घेतली नाही तर रेशन मिळणार नाही' म्हणणं, यांत फार अंतर आहे. ते आपल्या राज्यात फार घाईनं ओलांडलं गेलं.

घटनाक्रम जरा आठवू या. ३ जानेवारी २०२१ला कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन लसींना तातडीच्या वापरासाठी परवानगी मिळाली, १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे तेव्हा यायचे होते, म्हणून ती घेणाऱ्याची संमतिपत्रावर सही घेत. पहिल्याच दिवशी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पत्र लिहिलं, की आम्हाला कोविशिल्ड द्या. आता हे काही अडाणी लोक नव्हते, मोबाइलवरच्या अफवा वाचून बिथरलेले नव्हते. त्यांना आकडे पाहायचे होते. मार्चमध्ये पहिले आकडे जाहीर झाले, चांगले होते, आणि बऱ्याच जणांच्या शंका निवल्या.

पुढे कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर बदलत गेलं. सुरुवातीला चार आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, मे महिन्यात बारा ते सोळा. अंतर वाढवलं तर प्रतिकारशक्ती चांगली तयार होते, असं अभ्यासातून दिसत होतं. पण त्याच दिवसांत लसीचा तुटवडा होता आणि केंद्रांबाहेर पहाटेपासून रांगा लागत होत्या. लोकांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. "लसच नाही, म्हणून तारखा वाढवून राहिले," हे मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं. त्यांना चूक ठरवणं सोपं होतं, समोर बसून नीट समजावणारं माणूस मात्र क्वचितच मिळालं.

दिवाळीपर्यंत चित्र पालटलं. लस भरपूर, माणसं कमी. आणि मग फर्मानं निघू लागली. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, निदान एक डोस झाल्याशिवाय पेट्रोल आणि रेशन देऊ नये असा आदेश निघाला. ठाणे महापालिकेनं कर्मचाऱ्यांच्या पगाराला लसीची अट लावली. २७ नोव्हेंबर २०२१ला राज्य सरकारनं सार्वजनिक वाहतूक, मॉल, कार्यक्रम अशा ठिकाणी दोन्ही डोस बंधनकारक केले. आणि या सगळ्या काळात केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात सांगत होतं की लसीकरण ऐच्छिक आहे.

त्या वर्षी मी उत्तर नागपुरातल्या एका केंद्रावर निरीक्षणाच्या खोलीत बसत असे. टोचून झालं की माणसाला अर्धा तास थांबवायचं. चक्कर येते का, अंगावर गांधी उठतात का, श्वास लागतो का, ते पाहायचं. शेजारच्या खोलीत नर्सताई, तिच्याजवळ लसीची निळी पेटी. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस असत आणि बाटली उघडली की चार तासांत संपवावी लागे, उरेल ते वाया. म्हणून सात-आठ जण जमले तरी ताई बाटली उघडत नसे. "थांबा थोडं, आणखी दोघं येऊ द्या," म्हणे. तेवढ्यात बाकावरची एखादी बाई "घरी पोरगं एकटं आहे, येतेच" म्हणून उठून जाई. ती काही परत येत नसे.

धुणीभांडी करणारी एक बाई अशीच यायची आणि न घेता जायची. सोबतच्या म्हणत, सुईला घाबरते. एकदा मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "डॉक्टरबाई, सुईले मी नाही भेत. पण ताप आला तं दोन दिवस कामावर नाही जाता येत. चार घरचं काम आहे माह्याकडं. खाडा झाला की पैसे कापते. ते मले कोण भरून देईन?"

माझ्याकडे तापाच्या गोळ्या होत्या. तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शनिवारी काम आटोपून ये, रविवारी आराम कर, असं सांगितलं असतं, पण केंद्र संध्याकाळी पाचला बंद होई, आणि रविवारी तिला सुट्टी कुठली? पुढे ती ज्या इमारतीत काम करायची तिथल्या फाटकावर गार्डनं सर्टिफिकेट मागायला सुरुवात केली, तेव्हा ती आली. टोचून घेतलं, अर्धा तास बसली आणि गेली. सरकारी तक्त्यात ती एक डोस म्हणून मोजली गेली. तिचे दोन दिवसांचे पैसे कोणी दिले असतील, असं मला वाटत नाही.

कळमन्याच्या मार्केटातल्या हमालांचंही तेच. पोतं उचलायला हात दुखून चालत नाही. गरोदर बायकांना तर जुलै २०२१पर्यंत लसीची परवानगीच नव्हती, आणि मिळाल्यावरही सासरच्यांनी नको म्हटलं म्हणून कित्येक जणी थांबल्या. लसीला खरोखर कट्टर विरोध करणारे मला फार थोडे भेटले. बाकीच्यांना काहीतरी विचारायचं होतं. कोणाला दम्याचं, कोणाला रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं, कोणाला रोजीचं. सक्तीचा आदेश निघाला की या सगळ्यांची गणना एकदम विरोधकांत होते, आणि विचारायची सोय राहत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

आता शास्त्राकडे येते, कारण सक्ती योग्य की अयोग्य हे बरंचसं लस नेमकं काय करते यावर ठरतं. गोवराची लस पूर्ण घेतलेल्या मुलाला बहुतेक वेळा गोवर होतच नाही, त्यामुळे तो दुसऱ्याला देतही नाही. तिथे 'तुझी लस माझ्या लेकराला वाचवते' हे म्हणणं खरं असतं. कोविडच्या लसीनं गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणावर रोखले. हे यश लहान नाही. पण २०२१ संपताना ओमायक्रॉन आला आणि दोन्ही डोस घेतलेल्यांनाही संसर्ग होऊ लागला, त्यांच्याकडून इतरांना होऊ लागला. लस घेणाऱ्याचा जीव ती वाचवत राहिली, पण शेजाऱ्याला संसर्गापासून वाचवण्याची तिची ताकद बरीच कमी झाली. मग न घेणाऱ्याला बसमध्ये चढू न देण्याचं कारण तेवढंच लंगडं झालं.

सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२च्या निकालात नेमकी हीच गोष्ट तपासली. खंडपीठावर न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्यासोबत आपल्या अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वकिली केलेले न्यायमूर्ती भूषण गवई होते. आपल्या शरीरावर आपला अधिकार हा राज्यघटनेच्या कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग आहे, म्हणून कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो असं दाखवणारी पुरेशी माहिती सरकारांनी समोर ठेवली नाही, तेव्हा निर्बंधांचा फेरविचार करा, असंही सुचवलं. लसीनंतरच्या त्रासाची माहिती लोकांना आणि डॉक्टरांना नोंदवता यावी आणि ती उघड करावी, असं सांगितलं. लसीचे विरोधक निकालाचा एवढाच भाग सांगतात. सरकारचं लसीकरणाचं धोरण मनमानी नाही, आणि समाजाच्या आरोग्यासाठी वाजवी मर्यादा घालता येतात, हेही त्याच निकालात आहे. तो पूर्ण वाचायला हवा.

माझं मत विचाराल तर अतिदक्षता विभागात, डायलिसिसच्या खोलीत, वृद्धाश्रमात काम करणाऱ्याला लसीची अट घालणं मला मान्य आहे, लस संसर्ग रोखते असा पुरावा असेल तोवर. रेशनला अट घालणं मला कोणत्याही पुराव्यानं मान्य होणार नाही. धान्य हा अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा भरलेला आहे, त्याला ही अट जाणवतही नाही.

बळजबरीची आठवण समाज लवकर विसरत नाही. १८९७ साली मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात सैनिक घराघरांत घुसून प्लेगचे रोगी शोधत होते आणि त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री रँडवरच्या गोळीबारात झाला. पाच वर्षांनी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिनची लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली. एकाच बाटलीतली लस दूषित झाली होती. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला १९०७ उजाडलं. नव्या लसीत अपघात घडू शकतो, आणि घडला तर तो झाकायचा नसतो, लगेच तपासायचा असतो.

२०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेका कंपनीनं ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केलं की तिच्या लसीमुळे फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात आणि सोबत प्लेटलेट घटू शकतात. कोविशिल्ड म्हणजे तीच लस, पुण्यात बनलेली. त्या आठवड्यात माझा फोन थांबत नव्हता. "डॉक्टर, तीन वर्षांनी आता काही होईल का?" श्रोतेहो, हा त्रास डोसनंतर पहिल्या काही आठवड्यांत होतो, वर्षांनी नाही, आणि वैद्यकीय जगाला तो २०२१च्या वसंतातच ठाऊक झाला होता. तेव्हाच प्रत्येक केंद्रावर मराठीत एक कागद लावून 'इतके दिवस सतत डोकं दुखलं, पाय सुजला, दम लागला तर लगेच या' असं ठळक लिहिलं असतं, तर तीन वर्षांनी लोकांना फसवल्यासारखं वाटलं नसतं.

आणि ज्याला खरंच इजा झाली त्याचं काय? ब्रिटनमध्ये १९७९ पासून लसीमुळे गंभीर अपंगत्व आलेल्यांना ठरावीक रक्कम देण्याचा कायदा आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात भूमिका घेतली की लसीकरण ऐच्छिक होतं, झालेल्या मृत्यूंबद्दल दुःख आहे पण सरकार जबाबदार धरता येणार नाही, दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. केंद्र वेगळं, राज्य वेगळं, हे कागदावर बरोबर. पण पेट्रोल पंपावर अडवलेल्या माणसाला सरकार एकच दिसतं. घेताना सक्ती आणि इजा झाल्यावर 'तुम्ही मर्जीनं घेतली', हे त्याच्या गळी कसं उतरावं? नव्या लसीचा पहिला डोस टोचायच्या आधी भरपाईचा नियम लिहून तयार हवा. तो नसताना सक्तीचा विषय काढायचा अधिकार कुठल्याच सरकारला नाही, असं मी स्पष्ट म्हणते.

जाता जाता एका निरोपाबद्दल. जागतिक आरोग्य संघटना आता सगळ्या देशांवर लस लादणार, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. २० मे २०२५ला मंजूर झालेल्या साथरोग करारात याच्या उलट लिहिलं आहे: लसीची सक्ती करायला लावण्याचा कोणताही अधिकार या करारानं संघटनेला मिळत नाही. निर्णय आपल्याच सरकारांचा राहणार, म्हणूनच त्यांना आत्ता विचारायला हवं.

पोलिओच्या वेळी दारोदार जाऊन, बाळाच्या बोटाला शाई लावून, नकार देणाऱ्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन काम झालं. २०११च्या जानेवारीत देशातला शेवटचा रुग्ण सापडला. कोविडमध्येही दारात उभी राहिली ती आशाताई. तिला त्या जादा कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये मिळत होते, आणि राज्यातल्या आशाताईंना जून २०२१ मध्ये, ऐन साथीत, संपावर जावं लागलं.

तेव्हा तुमच्या वस्तीतली आशाताई आता दारावर येईल तेव्हा तिला दोन मिनिटं बसवा. नवी लस आली तर लोकांच्या शंकांची उत्तरं द्यायला तुला कोण शिकवणार आहे, छापील माहिती मिळणार आहे का, पैसे वेळेवर मिळतात का, असं विचारा. ती जे सांगेल ते घेऊन नगरसेवकाकडे जा, आणि सोबत हेही विचारा की महापालिकेची केंद्रं संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी उघडी राहतील का, आणि रोजंदारीवरच्या माणसाला लसीच्या दुसऱ्या दिवशीची मजुरी कोण देणार आहे.

नमस्कार.